डब्यातले बारा फिल्टर

सन २००३. मी तेव्हा हवालदार, व्हेईकल मेकॅनिक. चेन्नईतल्या एका युनिटच्या वर्कशॉपवर नेमणूक होती. गाव माझं कोरेगावकडचं, त्यामुळे पहिले सहा महिने मराठी बोलायला माणूस नाही म्हणून जीव कोंडून गेला होता. मग लान्स नायक रामोजी राव आमच्याकडे डीआर म्हणून आला. डीआर म्हणजे डिस्पॅच रायडर, मोटरसायकलवाला. घर चेन्नईतच, अड्यारला; भाषा तंजावरची मराठी. पहिल्याच दिवशी मला म्हणाला, "वस्ताद, तुम्हीं जेवलां काय?" मी हसलो. आमच्या आजोबांच्या पत्रात असली मराठी असायची. तो तमिळ हेल काढून बोलायचा आणि मी मुद्दाम त्याला बोलतं ठेवायचो.

माझ्या ताब्यात साडेतीनशे सीसीच्या बारा जुन्या मोटरसायकली होत्या. खाऱ्या हवेनं टाक्या आतून गंजलेल्या. टाकी आणि कार्बोरेटर यांच्या मधल्या नळीत अंगठ्याएवढा, आरपार दिसणारा प्लास्टिकचा फिल्टर असतो. गंज तिथं अडतो. तो बदलायला दहा मिनिटं पुरतात. पेट्रोलचा कॉक बंद करायचा, दोन क्लिपा सैल करायच्या, जुना काढायचा, नव्यावरचा बाण कार्बोरेटरकडे ठेवून बसवायचा, कॉक उघडून गळती बघायची. संपलं काम.

आता माझी खोड सांगतो. इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी मी बाराही गाड्यांना नवे कोरे फिल्टर लावायचो. साहेब बघून गेले की संध्याकाळी ते काढून, कापडात गुंडाळून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचो आणि जुने पुन्हा गाड्यांना. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. इंडेंट, म्हणजे मागणीचा कागद, टाकला तरी माल यायला महिनोनमहिने लागायचे, आणि पुढच्या इन्स्पेक्शनला फिल्टर तपकिरी दिसला तर अब्रू माझी जाणार. पाच इन्स्पेक्शन त्या एका डब्यावर काढली. त्याचा मला अभिमान होता. काय सांगू.

मार्चमध्ये आमचा कॉन्व्हॉय, म्हणजे गाड्यांचा ताफा, कांचीपुरमच्या बाजूला गेला होता. परतीच्या आदल्या दिवशी दुपारी रामोजी गाडी घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, पूर्ण रेस दिली की गाडी दम सोडते. फिल्टर बघितला. काळपट झाला होता. डबा माझ्या टूलबॉक्समध्येच होता, हाताच्या अंतरावर.

"वस्ताद, नवा बसवा कीं."

मी जुना काढला, दगडावर आपटला, उलट्या बाजूनं फुंकर मारली आणि तोच परत लावला. अजून महिनाभर चालेल म्हणालो. त्यानं मान डोलावली. माझ्या शब्दावर त्यानं कधी शंका घेतली नाही, हेच वाईट झालं.

दुसऱ्या दिवशी ११०० वाजता कॉन्व्हॉय निघाला. आठ गाड्या; वायरलेसवर पहिलीला लीड म्हणायचं, शेवटचीला टेल. मी टेलला, बंद गाड्या उचलून आणणाऱ्या रिकव्हरी व्हेईकलमध्ये. डीआरचं काम असं असतं की पुढच्या चौकात जाऊन ट्रॅफिक थांबवायचं, सगळ्या गाड्या गेल्या की उजव्या लेनमधून जोरात ओव्हरटेक करून पुन्हा पुढे यायचं. श्रीपेरुंबुदूरच्या चौकात त्यानं आम्हाला सोडलं. माझ्या शेजारून जाताना हात वर केला. मीही केला.

इरुंगाट्टुकोट्टैच्या अलीकडे, १२२० वाजता वायरलेस सेट वाजला.

"टेल, लीड बोलतोय. डीआर डाऊन. ओव्हर."

"टेल. कितपत लागलंय? ओव्हर."

ड्रायव्हरला गाडी पुढे काढायला सांगितलं.

पोचलो तेव्हा तो रस्त्यावर पडलेला होता आणि अँब्युलन्सची घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मागून आलेल्या ट्रेलरचा ड्रायव्हर रस्त्याकडेला डोकं धरून बसला होता. रायडरनं भर लेनमध्ये एकदम ब्रेक मारला, असं तो सगळ्यांना तमिळमध्ये सांगत होता.

मी मोटरसायकल बघितली. फिल्टर शाबूत होता. गंजानं भरलेला, आणि कार्बोरेटरकडची नळी कोरडी. रामोजीनं ब्रेक मारलाच नव्हता. ऐन ओव्हरटेकमध्ये पेट्रोल तुटून इंजिन बंद पडलं होतं.

गाडी रिकव्हरीवर चढवल्यावर आत मी एकटा होतो. डबा उघडला. दहा मिनिटांचं काम. नवा बसवला असता तर गाडी निर्दोष आणि चूक रामोजीची. नवा फिल्टर मी हातात घेतला होता, हे लपवत नाही. मग परत ठेवला आणि तिथंच ढसाढसा रडलो.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मेजरसाहेबांनी विचारलं, नवे फिल्टर उपलब्ध होते का? मी डबा टेबलावर ठेवला. "साहेब, बारा होते. मी दिला नाही." मला कडक शिक्षा होईल वाटलं होतं. रेप्रिमांड, म्हणजे लेखी ठपका, मिळाली आणि होऊ घातलेली नायब सुभेदारी गेली. ती जायलाच हवी होती.

पण रामोजीच्या घरी ट्रेलरवाल्याचंच म्हणणं पोचलेलं होतं. रामोजीचे वडील रेल्वेतून रिटायर झालेले. पोरानं घाई केली, असं ते महिनाभर मनात धरून बसले होते. मी अड्यारला गेलो आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बसायचं धाडस झालं नाही.

त्यांनी विचारलं, "म्हणजे त्याची चूक नव्हे?"

"नाही अप्पा. माझी."

ते आत गेले. मला वाटलं, आता दार लावतील. ते किल्ली घेऊन आले. अंगणात रामोजीची स्वतःची जुनी मोटरसायकल उभी होती. तिच्यावर आता त्याचा धाकटा भाऊ इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात कामाला जायचा, रोज त्याच रस्त्यानं.

"हिचा फिल्टर बदलून जा," अप्पा म्हणाले. "तुम्हींच बदला."

कोपऱ्यावरच्या दुकानातून नवा आणला. त्या दिवशी क्लिप दोनदा सुटली. बाण बघितला. पुन्हा बघितला. कॉक उघडला, पेट्रोल फिल्टरमध्ये चढताना अप्पा, कामाला निघालेला भाऊ आणि मी, तिघंही वाकून बघत होतो. काढलेला जुना मी खिशात घालायला गेलो तर अप्पांनी हात पुढे केला. मी दिला. त्यांनी तो उजेडात धरला, मग वहाणेखाली घालून चिरडला.

भावानं गाडी सुरू केली. अप्पांनी त्याला थांबवलं नाही. गाडीचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत ते फाटकाशी उभे होते, आणि त्यांच्यामागे मी.