देवळातल्या निकालावर अपील

"देवान सांगल्यान, सोडूंदे नोकरी. म्हणान तुमच्याकडे इलंय," सुभेदार परब म्हणाले.

आमच्याकडे अडलं की ग्रामदेवतेला कौल लावतात. मूर्तीला पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा. उजवी पडली की होकार. लेकीने नोकरी सोडावी का, यावर उजवी पडली होती आणि फौजेतून निवृत्त झालेल्या बापाला ती मान्य नव्हती.

"देवळातल्या निकालावर माझ्याकडे अपील चालत नाही," मी म्हटलं. मी सावंतवाडीत वकिली करते. जमीनवाटप, वारसनोंदी. अणुबॉम्ब पहिल्यांदाच आला होता.

लेक स्नेहल शेजारी बसली होती. तिच्या कंपनीत अण्वस्त्र वाहून नेणाऱ्या क्षेपणास्त्रांचे भाग बनतात. मी तिला आधीच थांबवलं, "नेमकं काय बनवतेस ते मला सांगू नकोस." गोपनीयतेचा कायदा वकिलाच्या केबिनमध्येही लागू असतो.

"मॅडम, हे शस्त्र बेकायदेशीर आहे ना? राजीनाम्यात तसं लिहायचंय."

"लिहू नकोस. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलंय, त्याचा वापर सर्वसाधारणपणे युद्धाच्या नियमांविरुद्ध. पण देशाच्या अस्तित्वावरच बेतलं तर? तिथे ठाम सांगता येत नाही म्हणाले. बंदीचा करार आहे, त्यावर भारताची सही नाही. तुझं काम इथे कायदेशीर आहे."

सुभेदार खुलले. "आयकलंस गो? आता गप कामार जा. फौजीचा चेडू पळाला, असा गाव म्हणतलो." चेडू म्हणजे मुलगी.

"काम कायदेशीर आहे म्हणजे ते करायलाच हवं, असं नाही," मी म्हटलं. "नोटीस पिरियड भरून ती सोडू शकते."

"बाबा," स्नेहल म्हणाली, "हत्यार नसलेल्यार गोळी घालूची नाय, तुमीच सांगत इलास. ह्यो बॉम्ब बघून पडतलो काय?"

सुभेदारांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"लिवा," ते मला म्हणाले. "पण देशाक नावां ठेवू नकात."

राजीनाम्यात एकच कारण राहिलं: हे काम माझ्या मनाला पटत नाही. कंपनीने तो स्वीकारला. स्नेहलला दुसरी नोकरी अजून मिळालेली नाही.

परवा सुभेदार बाजारात भेटले. मत बदललं का, विचारलं.

"छ्या! बॉम्ब देशाक होयोच. पण माज्या चेडवान करूक नको."

या भूमिकेला कायद्यात आधार नाही. घरात मात्र ती चालते.