पिस्तुलात लूमचं तेल

कम्युनिटीतल्या मंडळींनो, माझं प्लास्टिकच्या छर्‍यांचं एअरसॉफ्ट पिस्तूल महिनाभर रडत होतं. छर्रा चार पावलांवरच पडायचा. नवी स्प्रिंग मीच बसवली होती, म्हणून स्वतःलाच शिव्या घालत होतो.

आज सकाळी उघडलं तर आतला रबरी वॉशर फुगलेला, आणि वास लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या तेलाचा. ते तेल रबराला चालत नाही. मी फक्त सिलिकॉनचं वापरतो.

माझे बाबा टेमघरला कापड कारखान्यात लूम फिटर आहेत. माझ्या या छंदाला ते पोरखेळ म्हणतात. वॉशर दाखवला तर खाली बघत म्हणाले, “कोरडं दिसायचं. ड्युटीला जाताना रोज थेंबभर मीच टाकत व्हतो.”

वॉशर बदलला. सिलिकॉनची बाटली बाबांकडेच दिली.

तुमच्या छंदाला घरात कोण नावं ठेवतं? त्यांच्यावर जरा लक्ष ठेवा.