माडीचा पाव

माझे वडील बोटीवर भंडारी होते, म्हणजे खलाशांचा स्वयंपाक करणारे. मी दहा वर्षांची असताना ते कायमचे घरी आले. वादळात उकळत्या तेलाचा टोप त्यांच्या तोंडावर उलटला होता. उजवा डोळा गेला, डाव्याने फक्त उजेड आणि सावली कळायची. गालाची कातडी ओढून शिवल्यासारखी दिसे. पहिले काही दिवस आमच्या मांडवी गावातली माणसं त्यांना भेटायला आली, मग येईनाशी झाली. त्यांच्याशी बोलताना बघायचं कुठे, हेच माणसांना कळत नसावं.

वर्षभर ते ओटीवर भिंतीला टेकून बसले. आई जाळी विणून आणि सुकी मासळी विकून घर चालवी. एके दिवशी ती बाजारात गेलेली असताना वडिलांनी मला हाक मारली. "बाय गो, मला जरा चुलीपाशी ने."

त्या दिवशी त्यांनी नुसती आमटी केली. फोडणी झाली की नाही ते त्यांना आवाजावरून कळे. मोहरी थांबली की हळद टाकायची, आणि नारळाचं दूध फाटायला आलं की ते वासावरूनच ओळखत. रंग मात्र मी सांगायचा. "कसा आलाय?" म्हणून ते विचारीत. मी "पिवळा" म्हटलं तर चिडत. "पिवळा म्हणजे काय? आंब्याचा की सोनचाफ्याचा?" असं करत करत मला रंग बघायला त्यांनीच शिकवलं, असं म्हणायला हरकत नाही.

आईने येऊन पाहिलं तेव्हा ती दारातच थांबली. पुरुषाने घरात चूल फुंकावी हे तिला सहन होईना. पण त्या दिवशी ते वर्षानंतर पोटभर जेवले, म्हणून तिने ते चालवून घेतलं.

मग त्यांना पावाने पछाडलं. बोटीवर एका गोव्याच्या किरिस्तावाकडून ते पाव शिकले होते. परसात त्यांनी चिऱ्यांची आणि मातीची लहानशी भट्टी घातली. प्रत्येक चिरा हाताने चाचपून बसवला. पहिला पाव नाचणीच्या पिठाचा केला. तो इतका कडक झाला की मी तुकडा कावळ्याला टाकला, कावळ्याने तो दोनदा उचलला आणि दोनदा टाकून दिला. मी हे सांगितल्यावर वडील मोठ्याने हसले. अपघातानंतर मी त्यांना हसताना पहिल्यांदा ऐकलं. हसताना गालाची कातडी ताणून दुखे, म्हणून ते गालावर हात धरून हसत.

तांदळाच्या पिठाचा पाव भुगा झाला. मग बाजारातून मैदा आला, आणि शेजारच्या माडावरून सकाळची ताजी माडी, म्हणजे ताडीसारखी माडाची दारू. माडी घालून मळलेल्या पिठाचा टोप गवतात गुंडाळून ठेवला की पीठ दुपारपर्यंत दुप्पट होई. फणसाच्या आठळा वाळवून त्यांचं थोडं पीठ मिसळलं, तर पाव दुसऱ्या दिवशीही मऊ राही, हा शोध आमचा दोघांचा. भाजला की नाही हे बघायला ते पाव उलटा करून बोटाने ठोकत. पोकळ आवाज आला की म्हणत, "आतून तयार आहे." वासाने शेजारची मुलं परसाच्या दगडी गडग्यापलीकडे उभी राहत. त्यांच्या आया त्यांना ओढून नेत. पाव खाल्ला की माणूस बाटतो, असं मानणारी घरं तेव्हा भोवताली होती.

मी तेरा वर्षांची झाले तेव्हा हेदवीकडून मला बघायला माणसं येणार असं ठरलं. मुलगा मुंबईत गोदीत कारकून होता. येणार होते त्याचे काका आणि काकू. काका माळकरी, गळ्यात तुळशीची माळ. आई आठ दिवस घर सारवत होती. आदल्या दिवशी ती वडिलांपुढे बसली आणि जमिनीकडे बघत म्हणाली, "उद्या तुम्ही परसातच थांबा. पुढे येऊ नका."

"बरं," वडील म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. मी पोहे दिले, पाणी दिलं, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं दिली. काकूंनी वडिलांची चौकशी केली तेव्हा आई म्हणाली, "त्यांना बरं नाही." मी आत आले. मागच्या दारातून परसात वडील दिसले. त्यांनी धुतलेला सदरा घातला होता. कुणी बोलावलं तर असू दे, म्हणून घातला असावा. भट्टीजवळ सकाळचा पाव झाकून ठेवलेला होता.

मला काय वाटलं ते आजही नीट सांगता येत नाही. राग आला होता, आणि बढाई मारायची होती. मी पावाचे तुकडे केले, त्यावर तूप आणि गूळ घातला, आणि ताटली बाहेर नेऊन ठेवली. आई स्वयंपाकघरात चहा गाळत होती.

काकांनी एक तुकडा खाल्ला, मग दुसरा. "किती हलकं झालंय! ही कुठली पोळी म्हणायची?"

"पाव आहे," मी म्हणाले. "माझ्या बाबांनी केला."

त्यांचा हात थांबला. "फुगला कशाने?"

"माडीने. सकाळची माडी असली की चांगला फुगतो."

काका उठले. अंगणाच्या कडेला गेले, घशात बोटं घातली आणि ओकले. काकू त्यांच्या पाठीवरून हात फिरवीत रडायला लागल्या. ते ओरडले नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. काकांनी तोंड धुतलं, माळेला हात लावून काहीतरी पुटपुटले आणि चालू लागले.

गडबड ऐकून वडील भिंत चाचपत पुढे आले होते. ओटीच्या खांबाला माणूस समजून त्याच्यासमोर त्यांनी हात जोडले. "मीच पोरीला पाव बाहेर ने म्हटलं. तिला बोल लावू नका. तिला काही माहीत नाही." खांबासमोर ते वाकले. पाहुणे तोवर अंगणाचं बेडं ओलांडून रस्त्याला लागले होते. आई चहाचं भांडं हातात घेऊन उभी होती. मीही उभी होते, आणि पाव मीच आपणहून नेला होता हे मी सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी आई त्यांना म्हणाली, "त्या बोटीवरून परत आला नसतात, तर एकदाच रडून मोकळी झाले असते." सकाळी मी उठले तेव्हा ते भट्टी काढत होते. फोडत नव्हते. एकेक चिरा सोडवून गडग्याशी रचून ठेवत होते. मी मदतीला गेले तर म्हणाले, "तू घरात जा."

त्यानंतर ते स्वयंपाकघरात आले नाहीत. पुढे वाढलेलं जेवत. खारट झालं तरी बोलत नसत. हेदवीची गोष्ट गावभर झाली होती, त्यामुळे माझं लग्न रखडलं. चार वर्षांनी एका बिजवराशी झालं, त्याची दोन मुलं होती. निघताना वडिलांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला, कपाळापासून हनुवटीपर्यंत, सावकाश. नंतरच्या पावसाळ्यात ते तापाने गेले. मला निरोप पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं.

तेराव्याला मी माहेरी होते. आई खोबरं वाटत बसली होती. मी तिच्याजवळ बसले आणि म्हणाले, "आई, त्या दिवशी पाव मला बाबांनी—"

"ते आता काढू नको," आई म्हणाली. "मी त्यांना कधीच माफ केलं."

तिचा हात पाट्यावर चालूच होता. मी खरं सांगायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. खरं सांगू तर मला सुटल्यासारखं वाटलं. आई त्यानंतर बरीच वर्षं होती. मी दर उन्हाळ्यात तिच्याकडे जात असे, आम्ही दोघी शेजारी बसून आठळा सोलत असू. तिने त्यांना माफ केलं होतं, आणि ते मी तसंच राहू दिलं.