पंचातली फळं

काचेच्या भांड्यात तळाशी गेलेली आंब्याची फोड बुडबुड्यांवर हळूच वर येते, उलटते आणि पुन्हा तळ गाठते. काल संध्याकाळी ओट्यापाशी मी हेच बघत उभी होते. पाहुण्यांसाठी पंच मीच केला होता. हापूसच्या फोडी, मोसंबीच्या चकत्या, द्राक्षं सगळं दुपारीच चिरून ठेवलं. फसफसणारी वाइन मात्र गार करून अगदी शेवटी ओतली, नाहीतर तिचा फेस मरतो. चमच्याने चव बघून साखर बेतली तीही मीच.

नवऱ्याने भांडं उचललं आणि गच्चीकडे जाताना विचारलं, "बायकांसाठी पन्हं केलंयस ना?"

पन्हंही मीच केलं होतं. वाइनचं मला फारसं कौतुक नाही. संताप आला तो त्या विचारण्यातल्या सहजपणाचा. आपल्याकडे बाईचे हात चालतात, साखर बघण्यापुरती तिची जीभही चालते. तिच्या पेल्यात काय ओतायचं हे मात्र तिला न विचारताच ठरलेलं असतं.

पाहुणे गेल्यावर भांडं परत आलं. पंच संपला होता, फळं तशीच होती.

"ही तुम्ही दोघी संपवा, वाया नको जायला," नवरा मला आणि सासूबाईंना म्हणाला. संध्याकाळभर वाइन पिऊन ती फळं टम्म फुगली होती, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

सासूबाईंनी एक फोड खाल्ली, मग दुसरी. मग वाटी पुढे केली.

"छान मुरलीत गं," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी फळं जरा जास्त चीर."