धाडसी शेवट

पासपोर्टचे फोटो काढणाऱ्या या माणसाला अख्खी गल्ली डायरेक्टर म्हणायची आणि त्यातली चेष्टा त्याला एकट्यालाच कळायची नाही. दिवसभर गिऱ्हाइकांचे फोटो काढून उरलेल्या वेळात त्यानं चार वर्षं एक सिनेमा केला. एकाही वितरकानं दारात उभं केलं नाही, तेव्हा त्यानं जाहीर केलं की आपल्याला दलाल नकोतच. सिनेमा स्वतःच्या वेबसाइटवर लावायचा, तिकीट तिथंच विकायचं, जाहिरातही आपणच करायची. वा रे वा!

त्या सिनेमात जीव ओतून काम केलेला माणूस एकच, त्याचे वडील. अण्णांनी जन्मभर दुकानात रंगाचे डबे विकले. आता शेवटच्या पंधरा मिनिटांत त्यांची भूमिका होती: घर सोडून गेलेला मुलगा परत येतो, त्याला दार उघडणारा बाप. मोजून दहा वाक्यं. दाढी करताना, भाजी निवडताना त्यांनी ती इतकी घोकली की सुनेलाही पाठ झाली. शूटिंगच्या दिवशी तर सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, डायरेक्टरच्यासुद्धा. सिनेमा लागायच्या आदल्या दिवशी अण्णांनी जुन्या दुकानातल्या सगळ्यांना फोन केले. शेवटपर्यंत बघा, मी शेवटी आहे, असं बजावून सांगितलं.

डायरेक्टरनं तोवर नातेवाइकांचा ग्रुप कामाला जुंपला होता. कोणी किती तारे द्यायचे, कौतुक काय लिहायचं, तेही त्यानंच लिहून पाठवलं होतं. सिनेमा दोन तासांचा आणि मामेभावाचं ‘शेवट पाहून गहिवरलो’ दहाव्या मिनिटाला हजर! डायरेक्टर हरखून गेला. लोकांना आवडतंय म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बायको म्हणाली की सिनेमा मध्येच बंद पडतो. मुलगा दाराशी येतो आणि सगळं काळं होतं, अण्णा येतच नाहीत. डायरेक्टरनं फोनमधून मान वर न काढता तिला सांगितलं की तुझं नेट गेलं असेल, इतक्या लोकांनी शेवटाचं कौतुक केलंय ते काय वेडे आहेत? बायकोनं कपाळाला हात लावला आणि कामावर निघून गेली.

मग एका नावाजलेल्या समीक्षकानं लिहिलं: मुलगा दार वाजवतो आणि ते उघडतच नाही, असा धाडसी शेवट कित्येक वर्षांत पाहिला नाही. डायरेक्टर चक्रावला. त्यानं पहिल्यांदाच स्वतःच्या वेबसाइटवर स्वतःचा सिनेमा पाहिला आणि त्याला दरदरून घाम फुटला. शेवटचा भाग जोडायच्या आधीची कच्ची प्रत त्यानं चढवली होती. गहिवरलेल्या सगळ्या गणगोताला त्यानं मनातल्या मनात शेलक्या शिव्या हासडल्या.

खरी प्रत समोरच होती. बदलायला कितीसा वेळ लागतो? पण तेवढ्यात तिकिटं खपू लागली. अनोळखी माणसं दारामागे कोण असेल यावर हमरीतुमरीवर आली. कुणीतरी मुलाखतीला बोलावलं. डायरेक्टरनं प्रत होती तशीच ठेवली आणि मुलाखतीत ठोकून दिलं की ते बंद दार म्हणजे आपला सगळा समाज, आणि तो शेवट कापताना आपल्याला झोप लागली नाही. या माणसाला लाज कशी ती नाहीच!

अण्णांनी सिनेमा तीनदा पाहिला होता. आपलंच फोनवर काहीतरी चुकतंय असं त्यांना वाटत होतं. शेवटी ते फोटोच्या दुकानात आले आणि गिऱ्हाईक जाईपर्यंत बाकावर बसून राहिले.

“अरे, माझा भाग चुकून राहिला ना?” ते म्हणाले. “दुकानातले सगळे विचारतात. मी सांगितलंय त्यांना, चुकून राहिलाय, पोरगा लावेल.”

हो म्हणायचं होतं फक्त. एवढंच.

“नाही अण्णा. विचार करूनच काढला. सिनेमाची गरज होती ती.”

अण्णांनी मान डोलावली. तुला त्यातलं कळतं म्हणाले. उठले, दारापर्यंत गेले आणि परत वळले.

“माझं काम वाईट झालं होतं का रे?”

छान झालं होतं म्हणावं, तर मग काढलं का, हे सांगावं लागणार.

“थोडं कमी पडलं,” तो म्हणाला.

अण्णा बरं म्हणाले आणि घरी गेले.