मैत्रीची काठी

कल्पना करा, तुम्हाला मुलांना सुखी करायचं आहे. दर बुधवारी, मधल्या सुट्टीच्या आधीचा पाऊण तास. मुलं पहिली ते चौथीची, सगळी एकाच खोलीत. त्यातली दोन भांडतायत, एक झोपलंय, एकाला ताप आहे पण खिचडीसाठी आलंय. तुम्ही हातात पुस्तिका घ्यायची, गोड आवाज काढायचा आणि विचारायचं, "बाळांनो, आज तुमच्या मनात कोणता रंग आहे?" मग फोटो काढायचा. मुलं हसताना दिसली पाहिजेत. हसली नाहीत तर पुन्हा काढायचा. मग तो फोटो घेऊन टेकडीवरच्या आंब्याखाली जायचं, कारण रेंज तिथेच येते, आणि केंद्रशाळेच्या ग्रुपवर टाकायचा. टाकला की त्या बुधवारपुरती मुलं सुखी झाली.

मोखाडा तालुक्यात, पोशेऱ्याच्या पलीकडच्या डोंगरात, उंबरटेक नावाच्या पाड्यावर उज्ज्वला हे काम करायची, आणि या कामाबद्दल तिला जराही आदर नव्हता. ती पोशेऱ्याचीच. बापानं भात-नागली पिकवून तिला डी.एड. केलं, नोकरी लागली तेव्हा गावभर पेढे वाटले. तेव्हापासून तिनं कितीतरी योजना येताना आणि जाताना पाहिल्या होत्या. हात धुण्याची आली, साबण संपला, गेली. बोलक्या भिंती आल्या, दोन पावसाळ्यांत मुक्या झाल्या. टॅब आले ते कपाटात गेले आणि कपाटाची किल्ली हरवली. आता मन आलं होतं.

मनाचं प्रशिक्षण मोखाड्याला झालं. शिकवायला एका संस्थेचा धनेश नावाचा तरुण आला होता. खुर्ची असताना तो मुद्दाम जमिनीवर बसला, म्हणजे गुडघे धरलेल्या शिक्षकांनाही बसावं लागलं.

"मी धनेश," छातीवर हात ठेवून तो म्हणाला, "आणि आज मला निळ्या आभाळासारखं वाटतंय. तुम्हाला?"

शिक्षक एकमेकांकडे बघू लागले. शेवटी निवृत्तीला टेकलेले पंढरी गुरुजी म्हणाले, "मला आज शनिवार असल्यासारखं वाटतंय."

"म्हणजे हलकं हलकं?"

"म्हणजे लवकर घरी जावंसं."

सगळे हसले. धनेशही हसला आणि त्यानं ते फळ्यावर लिहिलं. या माणसाला शिवी दिली तरी तो लिहून घेईल, असं उज्ज्वलाला वाटलं.

पुस्तिकेतला पहिला उपक्रम सोपा होता. मुलांनी गोल करायचा, एकमेकांचे हात धरायचे. एकानं शेजाऱ्याचा हात हलकेच दाबायचा, त्यानं पुढच्याचा. असा 'आपुलकीचा निरोप' गोलभर फिरून परत यायला हवा.

उंबरटेकला निरोप फिरलाच नाही. गोदी आणि तिचा धाकटा भाऊ वाळू एकमेकांचा हात धरून उभे होते, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना एकेक मूल मावेल एवढी जागा सोडून बाकीची शाळा उभी होती. या भावंडांचं घर ओढ्याखालच्या वाडीत. त्या वाडीला जमीन नाही. त्यांची आई भागी वरच्या पाड्यातल्या लोकांकडे मजुरीला येते. लावणीच्या दिवसांत ती त्यांच्या चिखलात उतरते, पण त्यांच्या ओट्यावर चढत नाही. हे तिथे कुणी कुणाला सांगत नाही. सांगावं लागत नाही.

"टीना, गोदीचा हात धर," उज्ज्वला म्हणाली.

टीना स्वतःची नखं बघत राहिली. "बाई, माझा हात दुखतोय."

"कमलेश, तू वाळूचा धर."

"बाई, माझापण दुखतोय."

"सगळ्यांचे हात आजच दुखायला लागले का रे? गोल झाला नाही तर खिचडी नाही कुणाला!" उज्ज्वला खेकसली. तरी हात बरे झाले नाहीत. शेवटी तिनं अशा बाजूनं फोटो काढला की मोकळी जागा दिसू नये.

पुढच्या बुधवारी गोल व्हायच्या आधीच गोदीनं दप्तरातून कारवीच्या दोन काठ्या काढल्या. हातभर लांब, साल काढलेल्या, टोकं घासलेली. एकीचं टोक तिनं टीनापुढे केलं, दुसरी वाळूनं कमलेशपुढे. दोघांनी मुकाट्यानं धरल्या. गोल मिटला.

"काठ्या कुठून आणल्यास गं?"

"आयनं तोडून दिल्या. तुम्ही ओरडत होत्या ना बाई," गोदी म्हणाली. "म्हणून."

उज्ज्वलाला त्या काठ्या काढून घ्याव्याशा वाटल्या. पण गोल पुरा दिसत होता, म्हणून तिनं आधी फोटो काढून घेतला.

तो फोटो बघून धनेश जीपनं उंबरटेकला आला. गोल चालू होता; काठ्या बघून तो दारातच थबकला. "मॅडम, हे तर पुस्तिकेत नाही!"

आता हा विचारणार आणि आपल्याला सांगावं लागणार, असं उज्ज्वलाला वाटलं. तिनं सांगितलंही असतं.

"थांबा, सांगू नका," धनेश म्हणाला. "आलं लक्षात. स्पर्शाची सक्ती नाही! ज्याला हात द्यायचा नाही त्यानं काठी द्यायची. मुलांनी आपली हद्द आपणच आखली. मॅडम, आम्हाला शहरात बसून हे कधी सुचलं नसतं."

"सर, त्याचं असं आहे की..."

"आणि वर हा साधेपणा!" त्यानं मोबाइल काढून चित्रण सुरू केलं. "बाळा, काय म्हणता तुम्ही या काठीला?"

"गोदीची काठी," टीना म्हणाली.

"छान. आपण मैत्रीची काठी म्हणूया."

आठवडाभरात तालुक्यातल्या शाळाशाळांमध्ये काठ्या पोचल्या. कुणी त्यांना रिबिनी बांधल्या, कुणी त्यांच्यावर 'विश्वास' लिहिलं. जिथे मुलं आजवर गळ्यात गळे घालून हिंडत होती, तिथेही त्यांच्यामध्ये काठी आली. पंढरी गुरुजींचा फोन आला.

"उज्ज्वलाताई, कारवी तोडून तोडून हाताला फोड आले. कुठून सुचलं तुम्हाला हे?"

"गुरुजी, मला नाही सुचलं."

"मग ज्याला सुचलं त्याला माझा आपुलकीचा निरोप द्या. जरा जोरात दाबून."

तेवढ्यात ठरलं की जव्हारला मोठ्या साहेबांपुढे सादरीकरण करायचं, आणि ते उंबरटेकच्या मुलांनीच. धनेशनं कळवलं, प्रत्येकाच्या हातात काठी हवी, एकसारखी, पिवळी रंगवलेली. तालमीत सर्वांत खूश गोदी होती. "बाई, आता सगळ्यांनाच!" ती म्हणाली. उज्ज्वलाला तिच्याकडे बघवेना. एका पोरीचा हात कुणी धरत नाही म्हणून या शहाण्यांनी कुणीच कुणाचा हात धरू नये अशी सोय केली होती, आणि त्याचा आनंद त्याच पोरीला झाला होता.

आदल्या दिवशी टीनाचे वडील तुळशीदास शाळेत आले. जव्हारला सरकारी कारकून, शाळा समितीचे अध्यक्ष, आणि उज्ज्वलाच्या माहेरच्या नात्यातले.

"ताई, जीप एकच आहे. पोरं निवडून न्यावी लागतील."

"सगळी मावतात, भाऊ. दाटीवाटीनं."

"तेच म्हणतो मी. दाटीवाटी कशाला?" ते हसले. "खालच्या वाडीतली दोन राहिली तर राहिली. आता सगळ्यांकडेच काठी आहे. त्यांचं काय काम?"

"काठी त्यांनी आणलेली आहे, भाऊ."

"कारवी रानातली आहे, ताई. तू आपल्यातली ना? मग तुला सगळं फोडून सांगायला पाहिजे?"

उज्ज्वला काठ्या मोजायला लागली. गोदी गोलात उभी राहणार की नाही हे आता एकट्या उज्ज्वलावर होतं, आणि रात्रभर तिला त्याचीच चीड येत राहिली. हे ठरवायची पाळी मुळात यावीच का? सकाळी तिनं जीप ओढ्यापाशी थांबवली, गोदी आणि वाळूला हाक मारली, दोघांना ड्रायव्हरशेजारी बसवलं आणि स्वतः मागे बाकीच्या मुलांमध्ये जाऊन बसली.

जव्हारच्या सभागृहात तुळशीदास पहिल्या रांगेत आधीच बसलेले होते. मंचावर गोल झाला, पिवळ्या काठ्या वर गेल्या, धनेश माइकवरून हद्दीबद्दल आणि संमतीबद्दल बोलू लागला. समोर साहेब माना डोलवत होते. तो विश्वासाबद्दल बोलायला लागला तेव्हा उज्ज्वलाला राहवलं नाही.

"काठ्या खाली ठेवा," ती मुलांना म्हणाली. "हात धरा."

"मॅडम," धनेश कुजबुजला, "हे ठरलं नव्हतं."

काठ्या खाली पडल्या. एवढे लोक बघून बावरलेल्या कमलेशनं जवळचा हात घट्ट पकडला, तो वाळूचा होता. टीनानं मात्र पहिल्या रांगेत वडिलांकडे पाहिलं आणि दोन्ही हात पाठीमागे नेले. गोदीनं हात पुढे केला होता. तो तसाच राहिला.

सगळं सभागृह बघत होतं. उज्ज्वला गोलात शिरली. एक हात तिनं गोदीपुढे केला, दुसरा टीनापुढे. टीनानं तो चटकन धरला. गोदीनं हात धरला नाही. काठीचं टोक धरतात तशी तिनं बाईंची दोन बोटं धरली. गोल मिटला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेब म्हणाले, शिक्षक हाच समाजाचा दुवा असतो. धनेशचे डोळे भरून आले. तुळशीदासही टाळ्या वाजवत होते. टाळ्या वाजवायला त्यांची काहीच हरकत नव्हती. काठीच्या जागी बाई आली होती, आणि बाईला तर पगार मिळतो.

परतताना जीप चहाच्या टपरीपाशी थांबली. उज्ज्वलानं बिस्किटांचे पुडे घेतले आणि वाटायला टीनाकडे दिले. टीनानं एकेकाच्या हातावर बिस्कीट ठेवलं. गोदीपाशी तिचा हात वीतभर वर थांबला, मनगट हलकेच वळलं आणि बिस्कीट गोदीच्या ओंजळीत पडलं. घरंगळलं नाही, फुटलं नाही. गोदीनंही ओंजळ बरोबर तिथेच धरली होती. दोघी रोजचं काम केल्यासारख्या.

उज्ज्वलानं टीनाला बाजूला घेतलं. "असं वरून टाकायला कुणी शिकवलं तुला? आईनं?"

"नाही बाई. आई त्यांना घरी येऊच देत नाही. कशी काय देणार?"

"मग पप्पांनी?"

"पप्पा कधी असतात घरी?" टीनाला प्रश्नच कळत नव्हता. "त्यांना असंच देतात ना, बाई?" ती म्हणाली आणि जीपमध्ये चढली.

उज्ज्वला चहा हातात घेऊन उभीच राहिली. टीना घरी कुणी गोदीला काही देताना बघत नव्हती. शाळेत मात्र रोज बघत होती. खिचडी वाढायला शाळेची स्वयंपाकीण पुष्पलता असते. खडू, पेन्सिल, गणवेश द्यायला उज्ज्वला स्वतः. खडू देताना आपला हात कुठे असतो, गोदीच्या हाताला लागतो की नाही, हे तिनं खूप आठवून पाहिलं. काही केल्या आठवेना. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, मुलं हाका मारत होती, आणि तिला फक्त एवढंच कळायला हवं होतं: मग टीनानं हे पाहिलं ते कुणाचं?