ड्रमातली धामण आज जेवली

बायांनो, पोरगी अजून माह्या कडेवरच हाये.

नवऱ्यानं पकडलेली धामण आठ दिवसांपासून घरी ड्रमात होती. मेलेला उंदीर दिला, अंडं दिलं, मच्छी दिली. तोंडच लावे नाई.

आज बोरिंगवरून पाणी घेऊन आली त झाकण सरकलेलं. धामण पोरीच्या झोळीखाली पोट फुगवून पडलेली. डाल्याखालचं कोंबडीचं एक पिल्लू गायब!

पोरीले उचलून मी आंगणात पळाली.

नवरा आत डोकावून हासला, "जेवली वं शेवटी! जित्तंच पाह्यजे होतं तिले."

"माही पोरगी बी जित्तीच हाये," मी म्हणली.

त्याचं हासू गेलं. तसाच धामणीले पोत्यात घालून जंगलात सोडून आला.

पण झोळीत पोरीले टाकाची माही हिंमत नाई होऊन राह्यली. तुमची झाली असती का?